मुंबईत उतरायचं कुठं

आमच्या पासली गावच्या माणसानं मुंबईत कुठं राहायचं हे स्वतः कधी ठरवलंच नाही. माझे थोरले चुलते गिरणीत लागायला निघाले, तेव्हा त्यांना पत्ता एवढाच मिळाला : लालबागला उतर, आपल्या खोऱ्यातला कुणी ना कुणी भेटेल, तो खोलीवर नेईल.

मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी दावरांनी १८५४ साली काढली, ती गिरणी ताडदेवला. पुढं परळ, लालबाग, चिंचपोकळीत गिरण्या उभ्या राहिल्या आणि मावळ, सातारा, कोकणातली माणसं तिकडं ओढली गेली. भोंगा व्हायच्या आत पायी फाटक गाठायचं, म्हणून बिऱ्हाड जवळ हवं. त्यात माणसं लावायचा जॉबर, आणि तो आपल्याच मुलखातल्यांना आत घ्यायचा. मग एका गावाची माणसं एका गिरणीत, एका चाळीत जमा व्हायची. वस्ती निवडली ती गिरणीनं आणि जॉबरानं.

गावकीची ही खोली एकाच्या नावावर, भाड्याची वर्गणी सगळ्यांची. भिंतीला ट्रंका, वर खुंट्या, कोपऱ्यात वळकट्या. पहिल्या पाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा, म्हणून तेवढ्याशा जागेत वीस-पंचवीस माणसं मावत. उरलेली गॅलरीत, नाहीतर फुटपाथवर. दारू पिऊन आलेल्याला खोलीची बैठक जाब विचारी. गावातली भांडणंसुद्धा तिथं मिटत. चुलते म्हणायचे, गावात पाटलाला भ्यायलो नाही तेवढं खोलीच्या कारभाऱ्याला भ्यालो.

पाहुण्याला मात्र खोली कधी नाही म्हणाली नाही. आमच्या मुलखातून मुंबईला जाणं म्हणजे एक तर नोकरी, नाहीतर दवाखाना. केईएम १९२६ ला परळमध्ये सुरू झालं, टाटा रुग्णालय १९४१ ला, आणि लालबागहून दोन्हीकडं चालत जाता येई. पेशंटाबरोबर आलेला माणूस खोलीवर पाठ टेकायचा आणि सकाळी डबा घेऊन वॉर्डात हजर व्हायचा. हॉटेलाचा विचार कुणाच्या मनातही येत नसे.

गावकीची खोली हे आपलंच वैशिष्ट्य असं मला बरीच वर्षं वाटे. पण गोव्याच्या खलाशांचे कूड, म्हणजे त्यांच्या गावकीच्या खोल्या, त्याही अशाच. धोबीतलावच्या जेर महालात गावागावांचे कूड होते. फरक एवढाच की त्यांच्याकडं वेदी होती, आमच्याकडं खंडोबाची तसबीर.

बायकांना मात्र या खोलीत जागा नव्हती. बायको गावाकडं भातलावणीत, नवरा मुंबईत. जेवण खानावळीचं. या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते त्यांच्यासाठी. गिरणगावाच्या गोष्टी रंगवून सांगणारे ही बाजू बहुधा गाळतात.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येकांना पुन्हा आत जाता आलं नाही. ट्रंका गावाकडं परतल्या. त्यानंतरच्या पोरांना खोलीचा पत्ता दिला तरी करायचं काय?

ती पुण्याला वळली. पण पुण्यात गावकीची खोली नाही. तिथं माणसं राहिली ती आपला रस्ता शहरात जिथं शिरतो तिथं. पाबे घाट उतरून खानापूरवरून आलं की धायरी, नसरापूरवरून आलं की कात्रज, नाहीतर धनकवडी. शनिवारी सुटी झाली की दुचाकीला टांग मारून अंधार पडायच्या आत घरी. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत गेली, शेजारचं नऱ्हे २०२१ मध्ये. आमची माणसं त्याच्या कितीतरी आधीच तिथं गुंठा-अर्धा गुंठा घेऊन बसली होती.

लालबाग-परळच्या चाळींच्या जागी आता टॉवर होताहेत. खोली कागदावर एकाच्या नावावर, पैसा सगळ्या गावाचा. मग नवा फ्लॅट कुणाचा? काही ठिकाणी वारसानं दार लावून घेतलं, काही गावांनी वेळीच मंडळाची नोंदणी करून ठेवली होती. नातवाला हे सांगितलं तर त्यानं विचारलं, लेखी काहीच कसं नव्हतं? वर्गणीची वही होती, मी म्हटलं. त्यात नावं होती, सह्या नव्हत्या. सही करता येणारे थोडेच होते.