इलेक्ट्रॉनिक्समध्ये करिअर करायचंय? वर्ध्यातल्या विद्यार्थ्यांसाठी कोणत्या शिष्यवृत्त्या आहेत?

दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्धा जिल्ह्यातल्या अनेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. सोयाबीन-कपाशीच्या पेरणीला पैसा हवा आणि त्याच महिन्यांत कॉलेजची फीही भरायची असते. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्ससारखी शाखा पैशाअभावी सोडून देणारे विद्यार्थी कमी नाहीत. पण फीचा मोठा भाग सरकारी योजनांतून कमी होऊ शकतो.

शिकायचं कुठे?

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करता येतो. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी घेता येते. डिप्लोमा झालेल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जिल्ह्यात आर्वीला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तर सेवाग्रामला १९८३ पासून बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कोणत्या कॉलेजात यंदा कोणती शाखा आणि किती जागा आहेत, ते कॅपच्या यादीत पाहूनच ठरवावं.

फी कशी कमी होते?

- राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो.
- मुलींसाठी पूर्ण सवलत: जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना हीच सवलत १०० टक्के आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच. प्रवेश मात्र कॅपमधून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको.
- अनुसूचित जातीचे विद्यार्थी: उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे.
- ट्यूशन फी वेव्हर: एआयसीटीई मान्यताप्राप्त कॉलेजांत मंजूर जागांच्या ५ टक्के जादा जागा यासाठी असतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत लागतं. ही जागा घेतल्यावर नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

'प्रगती' म्हणजे काय?

तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची ही योजना आहे. वर्षाला ५० हजार रुपये मिळतात, पदवीला चार वर्षं आणि डिप्लोमाला तीन वर्षं. हा पैसा फी, पुस्तकं, कॉम्प्युटर अशा खर्चासाठी वापरता येतो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि एका कुटुंबातल्या दोन मुलींनाच लाभ मिळतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 'सक्षम', तर अनाथ विद्यार्थ्यांसाठी 'स्वनाथ' योजना आहे. या तिन्हींचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचे असतात.

पुढे काय?

गेट उत्तीर्ण होऊन एमटेक करणाऱ्यांना एआयसीटीई दरमहा १२,४०० रुपये देते. इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटीमध्ये पीएचडी करणाऱ्यांसाठी केंद्राची विश्वेश्वरय्या योजना २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात तरुण प्राध्यापकांसाठीही संशोधन फेलोशिप आहे. चिप डिझाइनसाठी 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमातून ८५ हजार इंजिनिअर तयार करण्याचं उद्दिष्ट आहे.

शिक्षकांसाठी काही आहे का?

आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार आधी शालेय शिक्षकांपुरता होता. २०२३ पासून उच्च शिक्षण आणि पॉलिटेक्निकमधल्या शिक्षकांनाही तो दिला जातो, कौशल्य प्रशिक्षण देणारे शिक्षकही त्यात येतात. ५ सप्टेंबरला दिल्लीत पुरस्कार दिला जातो. प्रमाणपत्र, पदक आणि ५० हजार रुपये असं त्याचं स्वरूप आहे. लॅबमध्ये उभं राहून सोल्डरिंग शिकवणारा निदेशकही या पुरस्काराचा विचार करू शकतो.

अर्ज कुठे अडकतात?

राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. आधी कॉलेज आणि मग संबंधित विभाग तो तपासतो. नेहमीच्या अडचणी अशा:

- बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं. पैसे थेट खात्यात जातात, त्यामुळे हे आधी तपासा.
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना असणं.
- अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येच पडून राहणं. स्टेटस अधूनमधून पाहत राहा.
- दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणं. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो.

हेही लक्षात ठेवा: शुल्क सवलत मिळाली म्हणजे सगळा खर्च सुटला, असं नाही. वसतिगृह, मेस आणि बस पासचा खर्च वेगळा असतो. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या अटी पाहा. दोन शिष्यवृत्त्या एकत्र घ्यायच्या असतील, तर त्या चालतात का, हे अर्जाआधीच दोन्हींच्या नियमांत तपासा. आणि दाखले प्रवेशाची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवा, कारण जून-जुलैत सेतू केंद्रांवर गर्दी असते.