३२,७६८ तासांचं घड्याळ

शहागंजचं निजामकालीन घड्याळ मध्ये कित्येक वर्षं बंद होतं, आणि ते अख्ख्या चौकाला दिसत होतं. सर्व्हरमधलं घड्याळ मात्र कुणालाच दिसत नाही.

नोव्हेंबर २०१९. एचपीई कंपनीने जाहीर केलं : आमच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. डिस्क गेली, डेटाही गेला. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास! १६ बिटांची चिन्हासह मोजणी ३२,७६७ पर्यंतच जाते. हा बरोबर त्याच्या पुढचा आकडा.

खरा धोका पुढेच. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क एकदमच जाणार, मग रेड काय कामाची? उपाय एकच : वेळ भरण्याआधी नवं फर्मवेअर टाकायचं. आणि बॅकअप? तो वेगळ्या डिस्कवरच ठेवा, बरं का!