होळकरी रुपयावरचा बादशाह

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात फारसी अक्षरांचा चांदीचा रुपया निघाला, की लोक त्याला 'मोगलाई नाणं' म्हणून मोकळे होतात. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना ती अक्षरे लागतात, म्हणून सांगावेसे वाटते : असे कितीतरी रुपये मराठ्यांच्या टांकसाळीतले आहेत.

खानदेशच्या सीमेवरचे चांदवड घ्या. तिथे होळकरांच्या अमलात रुपये पाडले जात. एका बाजूला दिल्लीच्या बादशहाचे नाव, दुसरीकडे 'जाफराबाद उर्फ चांदोर' आणि जुलूसचे साल. जुलूस म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना मिरवणूक आठवते; इथे त्याचा अर्थ तख्तावर बसणे. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे पुरता मजकूर क्वचितच उमटे. मग रुपया कुणाचा हे चिन्हावरून ओळखायचे.

ही चिन्हेच खरी पाहण्यासारखी. पुण्याच्या रुपयावर अंकुश. अहिल्याबाईंच्या (1767-1795) महेश्वरी रुपयावर शिवलिंग आणि बेलपान, आणि त्याच रुपयावर फारसीत शाह आलमचे नाव! त्याच काळात स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव (1771-1792) आपल्या चांदीच्या रिक्सडालरवर स्वतःचा चेहरा आणि ढालीवरचे तीन मुकुट उमटवत होता. अहिल्याबाईंनी चेहरा उमटवला नाही, नावही घातले नाही.

शाह आलमचा दरारा होता म्हणावे, तर 1788 मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले होते. त्याला पुन्हा तख्तावर बसवले ते महादजी शिंद्यांनी. पण सनदा त्याच्या नावाने निघत, आणि ओळखीच्या नावाचा रुपया बाजारात बिनबोभाट चाले. बेलपान आणि बादशाह एका नाण्यावर पाहून तेव्हा कुणाला कोडे पडले असेल, असे आम्हांला वाटत नाही. कोडे आजच्यांना पडते. 1806 मध्ये यशवंतराव होळकरांनी संस्कृत मजकुराचा रुपया पाडला; त्यातही इंद्रप्रस्थच्या सम्राटाचा मान राखलेला आहे.

1818 च्या मंदसौर तहाने होळकरांचा खानदेशातला मुलूख कंपनीकडे गेला. 1835 मध्ये कंपनीचा 180 ग्रेनचा एकसारखा रुपया आला. त्यावर इंग्लंडच्या चौथ्या विल्यमचा चेहरा होता. फारसीला मागच्या बाजूस 'यक रुपया' एवढीच जागा उरली.