तुपाची बरणी

परवा नातीने विचारले, "आजी, तू तूप फ्रीजमध्ये का गं ठेवत नाहीस?"

माझे लहानपण धाटावचे. शिंकाळ्यातल्या मडक्यात लोणी साठायचे, पण चार-सहा दिवसांत आंबूस वास येई. लोण्यात जवळजवळ सहावा हिस्सा पाणी असते, त्यानेच ते लवकर बिघडते. कढवले की पाणी उडून जाते आणि ताकाचा अंश बेरी होऊन तळाशी बसतो. आई त्यात विड्याचे पान टाकी, निवले की गाळून चिनी मातीच्या बरणीत भरी. वर दादरा बांधून बरणी अंधाऱ्या फडताळात. उजेड आणि हवा लागली की तूप खवट होते.

एका पावसाळ्यात मी ओला चमचा घातला. बरणीभर तुपाला बुरशी! आई रागावली नाही, नुसती बघत राहिली. महिनाभराची साठवण होती ती.

गणपती तोंडावर आलेले. डालडा बाजारात 1937 पासून होता, स्वस्तही होता. पण नैवेद्याला तो कसा चालावा? शेवटी शेजारच्या काकूंनी वाटीभर तूप दिले. पुढे तळणासाठी डालडा घरात आलाच. रिकाम्या डब्यात आईने तुळस लावली. त्यातल्या ट्रान्स फॅटबद्दल तेव्हा कोणाला ठाऊक होते! भारतात त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा आली ती 2022 मध्ये.

असो. नातीला म्हटले, फ्रीज नको, चमचा कोरडा ठेव.