नाटकमंडळी, बोलपट आणि एक कादंबरी

१९१८ साली किर्लोस्कर नाटक मंडळीतून तिघं जण बाहेर पडले. चिंतामणराव कोल्हटकर सत्ताविशीचे, कसलेले नट. दीनानाथ मंगेशकरांना अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं, पण गळा असा की बुकिंगवर गर्दी व्हावी. तिसरे कृष्णराव कोल्हापुरे. तिघांनी मिळून नवी कंपनी काढली, ‘बळवंत संगीत मंडळी’. अण्णासाहेब किर्लोस्करांचं खरं नाव बळवंत. म्हणजे मंडळी घर सोडून निघाली, पण घरच्या थोरल्याचं नाव बरोबर घेऊनच.

या कंपनीची वाटचाल जत भागातल्या वाचकांपुढे मांडायचं एक कारण आहे. तिचा शेवटचा, सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात महागात पडलेला डाव सांगलीत खेळला गेला. ती सांगली तेव्हा आपली नव्हती. जत हे डफळ्यांचं संस्थान, सांगली पटवर्धनांचं. दोन्ही संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्याला सांगली हे नाव मिळालं. तेव्हापासून कचेरीच्या कामाला, दवाखान्याला आणि कॉलेजला आपण सांगली गाठतो. नाटकाच्या बाबतीत मात्र सीमाभागाचं या शहराशी नातं त्याहून जुनं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून ‘असं मराठीत करा’ असं अप्पासाहेब पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. मराठी नाटकाची नाळ कानडी मुलखाकडे जाते हे जतकराला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात.

‘बळवंत’चा पायगुण चांगला आणि वाईट एकाच वेळी होता. राम गणेश गडकऱ्यांनी या पोरांच्या पाठीवर हात ठेवला, ‘भावबंधन’ त्यांच्यासाठी लिहून दिलं आणि २३ जानेवारी १९१९ ला ते गेले. नाटक रंगभूमीवर आलं ते लेखकाच्या पश्चात, त्याच वर्षी. लतिका दीनानाथांची, घनश्याम चिंतामणरावांचा. घनश्याम हा सूडाने पेटलेला खलनायक, पण चिंतामणरावांनी त्याला नुसता डोळे वटारणारा खलपुरुष होऊ दिलं नाही. अपमान गिळून बसलेल्या माणसाची थंड हुशारी त्यांनी त्यात आणली, म्हणून ती भूमिका त्यांच्या नावाला कायमची चिकटली. आणि कामण्णा दामुअण्णा मालवणकरांचा. दामुअण्णांच्या डोळ्यात तिरळेपणा होता. दुसऱ्या कुणी तो लपवायला बघितला असता, यांनी तो भांडवल म्हणून वापरला. बघायचं एकीकडे, बोलायचं दुसरीकडे, आणि मध्ये सापडलेल्या पात्राची तारांबळ. पुढं सिनेमातही याच डोळ्यांवर त्यांनी लोकांना हसवलं.

पुढची बारा-पंधरा वर्षं कंपनी जोरात होती. १९२७ मध्ये वीर वामनराव जोशांचं ‘रणदुंदुभी’ आलं आणि दीनानाथांची तेजस्विनी गाजली. १९३१ मध्ये सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’. तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि अशा माणसाचं नाटक लावणं म्हणजे सरकारची नजर ओढवून घेणं. नाट्यसंगीतातला दीनानाथांचा तो वेगळा ढंग, पंजाबी वळणाच्या सणसणीत ताना, ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत न देणारी फिरत, हा याच काळातला. बालगंधर्वांचं गाणं ऐकून माणूस विरघळायचा आणि दीनानाथांचं ऐकून ताठ बसायचा, असं मला रेकॉर्डी ऐकून वाटतं. मतभेदाला जागा आहे.

पण संगीत नाटक कंपनी हा व्यवहार म्हणून बघितला तर अंगावर काटा यावा असा होता. नट, गवई, पेटीवाला, तबलजी, पडदे ओढणारे, सुतार, शिंपी, आचारी, पाणक्ये, आणि त्यांतल्या अनेकांची बायकापोरं. खेळ असो वा नसो, दोन वेळची पंगत उठायलाच हवी. पडदे, झालरी, पेटारे यांनी रेल्वेचे डबे भरायचे. त्यामुळे मुक्काम पडायचा तो रेल्वेच्या आणि नाटकगृहाच्या गावी. जतच्या वाट्याला असल्या कंपन्या कशा येणार? आपल्या नावाचं स्टेशन मिरज-पंढरपूर लाइनवर आहे खरं, पण ‘जत रोड’ला उतरलेल्या माणसाला जत किती लांब राहतं हे उतरल्यावरच कळतं. हौशी माणूस मिरज-सांगली गाठून नाटक बघायचा आणि गावाकडं त्याच्या तोंडून बाकीच्यांना ते ऐकायला मिळायचं.

मग चित्र बोलायला लागलं. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’, फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. गाणं आता डब्यात बंद होऊन गावोगाव जाऊ लागलं. त्याला पंगत लागत नव्हती, त्याचा घसा बसत नव्हता आणि दिवसात दोन-तीन खेळ केले तरी ते दमत नव्हतं. नाटकगृहांचे मालक हिशेब करणारेच होते. भिंतीला पांढरा पडदा लावला की झालं. नाटक कंपन्यांना एकामागून एक थिएटरं मिळेनाशी झाली.

याच वेळी ‘बळवंत’मध्ये एक तरुण लेखक आला. विश्राम बेडेकर, जन्म १९०६, अमरावतीचा. त्याचं ‘ब्रह्मकुमारी’ १९३३ मध्ये कंपनीने लावलं. अहल्येची कथा, पण नव्या डोक्यानं बघितलेली. नाटकाने कंपनीचं नशीब काही पालटलं नाही, पण मालकांना लेखकाची पारख झाली. बोलपटाची लाट अंगावर येतेच आहे तर तिच्यावर स्वार व्हावं, असं ठरलं. सांगलीत ‘बळवंत पिक्चर्स’ निघाली. १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ तयार झाला. दिग्दर्शनाला दोन नावं, चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर. एक चाळिशी ओलांडलेला नट, दुसरा अठ्ठावीस वर्षांचा नाटककार. सिनेमाचं तंत्र दोघांनाही कुणी शिकवलेलं नव्हतं.

गोष्ट तशी भरवशाची होती. गंधर्व आकाशातून जाताना थुंकतो, ते गालव ऋषींच्या ओंजळीत पडतं. कृष्ण त्याला मारायची प्रतिज्ञा करतो, अर्जुन नकळत अभय देऊन बसतो, आणि दोन जिवलगांना एकमेकांवर शस्त्र धरावं लागतं. याच नावाचं न. चिं. केळकरांचं नाटक रंगभूमीवर आधीच माहितीचं होतं. तरी सिनेमा चालला नाही. कंपनी कर्जात बुडाली.

अपयशाचं खापर नशिबावर फोडायची पद्धत आहे. मला कारण चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या कोल्हापुरात दिसतं. प्रभातची माणसं, दामले, फत्तेलाल, शांताराम, बाबूराव पेंटरांच्या मूकपटांत तयार झालेली. सुतारकाम, रंगकाम, कॅमेरा, प्रयोगशाळा, सगळं हातांखालून गेलेलं. आवाज आला तेव्हा त्यांना फक्त आवाज शिकायचा होता. ‘बळवंत’वाल्यांकडे आवाज जगात भारी होता आणि बाकी सगळं शिकायचं होतं. बालगंधर्वांनाही हाच अनुभव आला. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त ते एकनाथ झाले. तिथं तंत्र होतं, पैसा होता, शांताराम दिग्दर्शक होते, तरी गंधर्व त्या कॅमेऱ्यापुढे रमले नाहीत. रंगभूमीवरचा नट समोरच्या प्रेक्षकाकडून दाद उचलत उचलत चढत जातो. ‘वन्समोअर’ न देणाऱ्या भिंगापुढे तो पोरका होतो.

दीनानाथांचं पुढचं आयुष्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. आशाबाईंचा जन्म सप्टेंबर १९३३ चा, हृदयनाथांचा १९३७ चा, दोघांचाही सांगलीतला. कंपनी मोडली, सांगली सुटली, पुण्यात २४ एप्रिल १९४२ ला दीनानाथ गेले, एक्केचाळिसाव्या वर्षी. थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. तिला काम दिलं ते मास्टर विनायकांनी, म्हणजे पुन्हा कोल्हापूरच्या एका नट-दिग्दर्शकानं.

बेडेकरांनी हार वेगळी घेतली. आपल्याला हे येत नाही, तेव्हा शिकून यावं. १९३८ मध्ये ते चित्रपटतंत्र शिकायला इंग्लंडला गेले. परतीच्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेले ज्यू होते. त्या प्रवासातून १९३९ मध्ये ‘रणांगण’ आली. चक्रधर विध्वंस हा हिंदी तरुण, हॅर्टा ही ज्यू तरुणी, आणि मुंबईला संपणारा त्यांचा सहवास. मुंबई त्याचं गाव, तिची बोट मात्र पुढं पूर्वेकडे जायची. एवढीशी कादंबरी, पण फडके-खांडेकरांच्या भरात तिनं मराठी वाचकाला डेकवर उभं करून युरोपची राखरांगोळी दाखवली. सिनेमा शिकायला गेलेल्या माणसाची ही कादंबरी आहे हे पानोपानी जाणवतं. प्रसंग लहान, जोड झटपट, भाष्य जवळपास नाही, माणसं बोलतात आणि लेखक बाजूला उभा.

अमेरिकेत एलिया कझान नावाचा माणूस याच सुमारास न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमध्ये नट होता. पुढं त्यानं ‘ऑन द वॉटरफ्रंट’ केला, आणि पन्नाशीनंतर कादंबऱ्या लिहिल्या. ‘द अरेंजमेंट’ १९६७ मध्ये लिहिली आणि दोन वर्षांत स्वतःच पडद्यावर आणली. नट, दिग्दर्शक, कादंबरीकार, तिन्ही एकाच अंगात. आपल्याकडे हीच वाट एका मंडळीनं चालली, माणसं बदलत. नट चिंतामणराव आणि दीनानाथ सिनेमापर्यंत आले, तिथून कादंबरीपर्यंत बेडेकर गेले. ‘रणांगण’वर मात्र बेडेकरांनी स्वतः सिनेमा काढला नाही. कादंबरीही त्यांनी ती एकच लिहिली.

सिनेमा त्यांनी सोडला नाही. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्यांचा हात होता, १९५० मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवरचा बोलपट केला, १९६३ मध्ये पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांना घेऊन हिंदीत ‘रुस्तम सोहराब’. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. हे सगळे चित्रपट आज फारसे कुणी बघत नाही. ‘रणांगण’च्या आवृत्त्या निघतच आहेत.

चिंतामणरावांनी उतारवयात आठवणी लिहिल्या. ‘बहुरूपी’ला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, दुसऱ्याच वर्षी ते गेले. बेडेकरांनी आत्मचरित्र लिहिलं ‘एक झाड आणि दोन पक्षी’, त्याला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार. सांगलीत पडलेल्या एकाच सिनेमाचे हे दोन दिग्दर्शक, आणि दोघांनाही अकादमीनं मान दिला तो स्वतःची कहाणी लिहिल्याबद्दल. ग्रंथालयात दोन्ही पुस्तकं मिळाली तर लागोपाठ वाचावीत. ‘बहुरूपी’ आधी.