मानाचा पोशाख

नाटकांच्या कपडेपटात उभी हयात गेली, त्यामुळे ऐतिहासिक मालिका बघताना माझी नजर आधी पात्रांच्या अंगावर जाते. १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये नसीरुद्दीन शाह शिवाजी, तर ओम पुरी औरंगजेब. सम्राट अशोकही ओम पुरीच! ही मला त्या ५३ भागांतली सगळ्यांत धीट निवड वाटते.

प्रत्यक्षात शिवाजी आणि औरंगजेब समोरासमोर आले १२ मे १६६६ रोजी, आग्र्याला. बादशहाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा (चांद्रवर्षाने) दरबार. भांडण झालं ते उभं राहण्याच्या जागेवरून. पुरंदरच्या तहात २३ किल्ले सोडलेल्या राजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. पुढे मोगल सरदार जसवंतसिंहाची पाठ. राजे भडकले. खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, समोर आला तेव्हा त्यांनी तो साफ नाकारला. अंगावर घेतला असता तर चाकरी कबूल. हल्लीच्या मालिका एकाला भगवं, दुसऱ्याला काळं नेसवून मोकळ्या होतात; हा बारकावा रंगात कुठून येणार?

बेनेगलांनी ‘भारत एक खोज’साठी आधाराला घेतलेलं पुस्तक नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात, कैदेत लिहिलं. १७०७ साली औरंगजेब वारला तो तिथून जवळच, भिंगारला.