इलेक्ट्रिक कार घेताना : पल्ल्यापेक्षा रात्रीच्या चार्जिंगचा प्रश्न मोठा

दररोज तीस-चाळीस किलोमीटर मोटार चालवणाऱ्या सर्वसामान्य कुटुंबासाठी इलेक्ट्रिक कार आता निव्वळ हौसेची वस्तू राहिलेली नाही. दहा लाख रुपयांच्या आतबाहेर मिळणारी मॉडेल बाजारात आहेत आणि इंधनावरील बचतही डोळ्यांत भरण्याजोगी आहे. मात्र अशी कार एखाद्या कुटुंबाला प्रत्यक्षात परवडेल की नाही, हे कंपनीने जाहीर केलेल्या पल्ल्यापेक्षा एका साध्या गोष्टीवर अधिक अवलंबून असते. ती म्हणजे गाडी रात्री कोठे उभी राहते आणि तेथे वीजजोडणी मिळते काय.

देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात एक लाखाहून थोड्या अधिक इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. एकूण प्रवासी कारविक्रीत त्यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास होता. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांमध्ये हे परिवर्तन बरेच पुढे गेले असताना कारच्या बाबतीत ग्राहक अद्याप सावध आहे. घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुतेक कुटुंबांत मोटारीचीच असते, हे लक्षात घेता ही सावधगिरी स्वाभाविक म्हणावी लागेल.

रेवापासून आजपर्यंत

भारतीय इलेक्ट्रिक कारचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाही. बेंगळुरू येथे तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी कार २००१ मध्ये बाजारात आली. लंडनच्या रस्त्यांवर ती ‘जी-विझ’ या नावाने धावली. २०१० मध्ये महिंद्र समूहाने या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा घेतला. तथापि, मर्यादित पल्ला आणि अपुरी आसनव्यवस्था यांमुळे कुटुंबाची मुख्य गाडी म्हणून तिला स्थान मिळाले नाही.

जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सने ‘नेक्सॉन ईव्ही’ आणल्यानंतर चित्र बदलू लागले. तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तास क्षमतेची होती. एक किलोवॉट-तास म्हणजे घरच्या वीजबिलातील एक युनिट. पुढे ‘टियागो ईव्ही’ आणि एमजीची ‘कॉमेट’ या लहान गाड्या, तर महिंद्रच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ यांसारख्या मोठ्या गाड्या आल्या. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले देशातील पहिले दालन उघडले.

जाहीर पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला

जाहिरातीत दिलेला पल्ला हा प्रमाणित चाचणीतील असतो. ही चाचणी ठरावीक वेगाने, ठरावीक परिस्थितीत घेतली जाते. प्रत्यक्ष रस्त्यावर वातानुकूलन, प्रवासी व सामानाचा भार, वेग, चढ आणि हवामान यांचा परिणाम होतो. त्यामुळे नियोजन करताना जाहीर आकड्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकाच पल्ला हिशेबात धरणे श्रेयस्कर ठरते. काही कंपन्या आता प्रत्यक्ष वापरातील अंदाजित पल्लाही स्वतंत्रपणे जाहीर करतात. तुलनेसाठी तोच आकडा अधिक उपयोगी असतो.

पेट्रोलच्या गाडीचा अनुभव येथे उलटा होतो. पेट्रोल कार शहरातील कोंडीत अधिक इंधन पिते आणि महामार्गावर कमी. इलेक्ट्रिक कार मात्र शहरात काटकसरी असते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा काही अंशी परत बॅटरीत साठवली जाते. महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने हवेचा विरोध वाढून पल्ला झपाट्याने घटतो. खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना बॅटरी भराभर उतरते आणि त्याच घाटातून खाली येताना तिच्यात थोडी भर पडते. कडाक्याच्या थंडीतही बॅटरीची कार्यक्षमता कमी होते. हिमालयीन प्रदेशातील वाहनधारकांना हा घटक विशेषत्वाने विचारात घ्यावा लागतो.

घरचे चार्जिंग : दोन तासांचे काम

चार्जिंगला फार वेळ लागतो, ही सर्वांत सामान्य तक्रार. चाळीस युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी १५ अँपिअरच्या प्लगवर ३.३ किलोवॉटच्या चार्जरने पूर्ण भरण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागतो, हे खरे. परंतु दिवसाला ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला रोज सहा युनिटच्या आसपासच वीज लागते. त्यासाठी त्याच प्लगवर दोन तास पुरतात. मोबाइलप्रमाणे रात्री गाडी जोडून सकाळी काढणे ज्यांना शक्य आहे, त्यांच्यासाठी चार्जिंगचा वेळ हा प्रश्न उरत नाही. ७.२ किलोवॉटचा भिंतीवरील चार्जर बसवल्यास हा वेळ निम्म्याहून कमी होतो. मात्र त्यासाठी घराचा मंजूर वीजभार बहुधा वाढवून घ्यावा लागतो.

खरी अडचण आहे ती जागेची. स्वतंत्र घर किंवा स्वतःची राखीव पार्किंगची जागा असणाऱ्यास मीटरपासून स्वतंत्र वायर, योग्य अर्थिंग आणि गळती होताच वीजपुरवठा तोडणारे उपकरण एवढी तयारी पुरते. साध्या एक्स्टेन्शन बोर्डवरून चार्जिंग करणे धोकादायक असून ते कटाक्षाने टाळावे. जुन्या गृहनिर्माण संस्थांत मात्र पार्किंगची जागा मीटरघरापासून दूर असते, वायर सामाईक जागेतून न्यावी लागते, इमारतीच्या एकूण वीजभाराची मर्यादा आड येते आणि त्यात संस्थेच्या परवानगीचा मुद्दा असतो. चाळीत राहणारे किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणारे यांच्यापुढे तर हा पर्यायच नसतो.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत बदल करून नव्या इमारतींतील वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय सुचवली आहे. त्याचा लाभ पुढील काळात बांधल्या जाणाऱ्या इमारतींना होईल. आज उभ्या असलेल्या लाखो इमारतींतील रहिवाशांना मात्र संस्थेच्या सर्वसाधारण सभेतूनच मार्ग काढावा लागतो.

सार्वजनिक चार्जिंगची स्थिती

चार्जिंग केंद्र चालवणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे त्यासाठी वीज कायद्याखालील परवान्याची गरज राहिली नाही आणि खासगी केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. देशातील सार्वजनिक केंद्रांची संख्या आता २५ हजारांच्या पुढे गेली आहे. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २०३० पर्यंत शहरी भागात दर एक चौरस किलोमीटरमागे किमान एक केंद्र आणि महामार्गांच्या दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट आहे.

या केंद्रांवरील जलद चार्जर थेट डीसी वीज पुरवतात. बहुतेक कार दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत तासाभरात किंवा त्याहून लवकर भरतात. ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरीच्या रक्षणासाठी वेग आपोआप मंदावतो. म्हणून लांबच्या प्रवासात पूर्ण भरण्याची वाट न पाहता पुढे निघणे सोयीचे ठरते. भारतात जलद चार्जिंगसाठी कारकरिता ‘सीसीएस-२’ प्रकारची जोडणी रूढ झाल्याने प्लग जुळण्याची अडचण फारशी उरलेली नाही. चार्जर बंद असणे, आधीची गाडी जागा अडवून बसणे आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे अ‍ॅप या अडचणी मात्र अद्याप कायम आहेत.

खर्चाचा हिशेब

महिन्याला एक हजार किलोमीटर धावणाऱ्या मध्यम आकाराच्या कारचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. चार्जिंगमधील गळती धरून तिला सुमारे १५० युनिट वीज लागते. घरी नऊ रुपये युनिट दर धरल्यास हा खर्च १,३५० रुपये होतो. सार्वजनिक केंद्रावर करांसह २० रुपये दर धरल्यास तो ३,००० रुपयांवर जातो. लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल कारला, शंभर रुपये लिटर दराने, सुमारे ६,७०० रुपये लागतात. किलोमागे २५ किलोमीटर देणाऱ्या सीएनजी कारचा खर्च, ८० रुपये किलो दराने, ३,२०० रुपयांच्या घरात जातो.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. घरी चार्जिंग करणाऱ्यास पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला पाच हजारांहून अधिक रुपये वाचतात. मात्र पूर्णपणे सार्वजनिक चार्जिंगवर विसंबणाऱ्यास सीएनजीच्या तुलनेत जवळपास काहीच वाचत नाही.

समान श्रेणीतील पेट्रोल कारपेक्षा इलेक्ट्रिक कार तीन लाख रुपयांनी महाग आहे, असे मानल्यास घरी चार्जिंग करणाऱ्याचा हा फरक पावणेपाच वर्षांच्या आत भरून निघतो. केवळ सार्वजनिक चार्जिंग वापरणाऱ्यास त्यासाठी सुमारे सात वर्षे लागतात. महिन्याला पाचशे किलोमीटरच चालवणाऱ्यास घरी चार्जिंग करूनही नऊ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागेल. थोडक्यात, कमी वापराच्या कुटुंबाला केवळ बचतीच्या कारणाने इलेक्ट्रिक कार घेणे फायद्याचे नाही. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नसल्याने देखभाल स्वस्त पडते. परंतु गाडी जड असल्याने टायर लवकर झिजण्याची शक्यता असते.

घरगुती वीजदर वापरानुसार टप्प्याटप्प्याने वाढतात, हेही विसरता येणार नाही. दीडशे युनिटची भर पडल्यास एकूण वापर वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. अनेक राज्यांत विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र मीटर व वेगळा दर उपलब्ध असून तो तपासून पाहणे हिताचे ठरते.

बॅटरी भाड्याने देण्याची योजनाही अलीकडे पुढे आली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विंडसर’ ही कार ९.९९ लाख रुपये अधिक प्रतिकिलोमीटर साडेतीन रुपये बॅटरीभाडे अशा स्वरूपात सादर झाली. आरंभीची किंमत त्यामुळे कमी दिसते. मात्र त्या दराने भाड्यात विजेचा खर्च मिळवल्यास घरी चार्जिंग करूनही किलोमीटरमागे पावणेपाच रुपयांहून अधिक मोजावे लागतात.

बॅटरीचे आयुष्य आणि सुरक्षितता

बॅटरी हा गाडीचा सर्वांत महागडा भाग. तिची क्षमता एकाएकी संपत नाही, तर वर्षागणिक थोडी थोडी घटते. आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते, अशी हमी भारतात सर्रास दिली जाते. काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून दीर्घ हमी देतात. किती टक्के क्षमता उरल्यास हमी लागू होते आणि गाडी विकल्यावर ती नव्या मालकाकडे जाते काय, हे दोन मुद्दे ग्राहकाने लेखी स्वरूपात पाहून घ्यावेत. जुन्या गाडीची फेरविक्रीची किंमत बहुतांशी त्यावरच ठरेल.

विद्युत दुचाकींना आग लागण्याच्या घटनांनंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे निकष कडक केले. कारसाठीचे सुधारित निकष डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झाले. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या उष्णतेत तुलनेने अधिक स्थिर असतात व भारतीय कारमध्ये त्यांचा वापर वाढत आहे. निकामी बॅटरीच्या विल्हेवाटीची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर टाकली आहे.

सवलती कोणत्या

खासगी इलेक्ट्रिक कारच्या खरेदीवर केंद्राचे थेट अनुदान नाही. ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ते केवळ व्यावसायिक वापराच्या चारचाकींना होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या १०,९०० कोटी रुपयांच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेतही कारचा समावेश नाही. मात्र त्यातील २,००० कोटी रुपये चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवलेले आहेत. ग्राहकाला प्रत्यक्ष लाभ होतो तो पाच टक्के जीएसटी, नोंदणी शुल्कातील माफी, तृतीय पक्ष विम्यातील १५ टक्के सूट आणि राज्यागणिक बदलणारी रस्ता करातील सवलत यांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल कारवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने दोहोंच्या किमतींतील अंतर पुन्हा वाढले, ही त्याची दुसरी बाजू. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे इलेक्ट्रिक कारना पथकरमाफीची तरतूद आहे.

धूर कोठे जातो

देशातील विजेचा मोठा भाग अजूनही कोळशापासून तयार होतो. त्यामुळे इलेक्ट्रिक कार पूर्णतः प्रदूषणमुक्त आहे, असे म्हणता येत नाही. परंतु विजेवरील मोटर इंजिनापेक्षा ऊर्जेचा कितीतरी अधिक भाग प्रत्यक्ष गतीसाठी वापरते. शिवाय शाळा, बाजार आणि वस्त्यांतून जाताना ही गाडी धूर सोडत नाही. दिल्लीसारख्या शहरात हा फायदा लहान नाही. दिवसा सौरऊर्जा उपलब्ध असताना चार्जिंग स्वस्त ठेवण्याचे दरधोरण केंद्राने सुचवले आहे. कार्यालयांच्या वाहनतळांत चार्जर बसवल्यास त्याचा उपयोग होऊ शकेल.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

महिन्याचा वापर सातशे-आठशे किलोमीटरपेक्षा अधिक आहे काय, घरी किंवा कार्यालयात चार्जिंगची खात्रीशीर सोय आहे काय, नेहमीच्या लांबच्या मार्गावर किमान दोन चालू केंद्रे आहेत काय आणि हमीच्या अटी स्पष्ट आहेत काय, या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असल्यास इलेक्ट्रिक कार आजही व्यवहार्य आहे. गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगी आणि वीज कंपनीची भारवाढीची मंजुरी गाडीची नोंदणी रक्कम भरण्यापूर्वीच मिळवावी. दुसरा प्रश्न नकारार्थी असल्यास तूर्त सीएनजी वा हायब्रिड हा पर्याय अधिक सोयीचा ठरेल.